पाटीशिवाय एक फोटो

लेकीला दुसरी मुलगी झाली, त्याच वर्षी शिवणकाकूंची छत्री गेली.

गेली म्हणजे हरवली नाही. घरातच होती, पण तिचा दांडा कापून ती पडद्याच्या जुन्या पाइपाला उलटी बांधलेली होती आणि तिच्या पोटात फ्लॅशचा दिवा लटकत होता. काकू गणवेशांचा गठ्ठा पोचवून घरात आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"अहो, ही माझी छत्री!"

"होती," नवरा म्हणाला. "आता हा लाइट आहे. आतून पांढरं अस्तर लावून दे. सुरकुती पडू देऊ नकोस हं, उजेड फाटतो."

"आणि मी पावसात कसं जायचं?"

"थांबल्यावर जायचं. पाऊस काय जन्मभर पडतो?"

काकूंनी पायातल्या चपला काढल्या, मशिनवरचा अर्धा शर्ट बाजूला सारला आणि अस्तर बेतायला घेतलं. छत्रीच्या पोटाला अस्तर बसवणं सोपं नसतं. प्रत्येक काडीला पाकळी वेगळी कापावी लागते. संध्याकाळपर्यंत त्यांनी ते असं बसवलं, की नवऱ्याने दिवा लावताच सगळी खोली ढगाआडच्या उन्हासारखी मऊ उजळली.

"बघितलंस? दुकानात ही चीज घ्यायला गेलो असतो तर पगार संपला असता. आपली फुकटात झाली!"

या एका शब्दावरून त्याला फुकटराव हे नाव पडलं होतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो कारकून होता. तिथे त्याचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. नाद म्हणाल तर एकच, फोटोचा, आणि तोही बिनपैशाचा. शेजारणी काकूंना म्हणायच्या, "सोन्यासारखा माणूस मिळालाय तुम्हाला." काकू म्हणायच्या, "हो ना. घरातली एकेक वस्तू त्यांच्या हाताखाली वितळते."

ते काही खोटं नव्हतं. भरतकामाच्या लाकडी कड्यावर पातळ कापड ताणून त्यांनी उजेड गाळायची चाळण केली होती. पिठाची खरी चाळणी दिव्यापुढे धरली की भिंतीवर नक्षी पडते, म्हणून तीही गेली. जेवणाचं मोठं ताट सावलीत उजेड परतवायला लागे. ते फोटोच्या कपाटात राही, आणि पाहुणे आले की काकूंना स्वतःच्याच ताटासाठी विचारावं लागे. काळ्या अस्तराची एक दुहेरी पिशवी काकूंनी शिवून दिली होती, बाह्यांना इलॅस्टिक घातलेली. तिच्यात हात कोपरापर्यंत घालून फुकटराव अंधारात चाचपत रोल भरत. तयार रोल महाग पडतो, म्हणून ते लांबलचक फिल्मचं भेंडोळं आणत आणि जुन्या डब्यांत तुकडे तोडून भरत. शिवाय कॅमेऱ्याच्या बुडाला एक बोल्ट होता आणि बोल्टाला काकूंच्या पेटीतली नाडी. नाडीचं टोक बुटाखाली दाबायचं, कॅमेरा वर ताणायचा, की हात हलत नाही.

"कॅमेऱ्यालासुद्धा नाडी लागते का हो?" काकूंनी विचारलं होतं.

"लागते. नाहीतर फोटो घसरतो."

त्या वेळी दोघंही हसले होते. तशी हसण्याची सवय त्या घरात होती.

दर रविवारी छायाचित्र मंडळाचे चार लोक चहाला येत. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे परदेशी कॅमेरे होते, पण वस्तू बनवायचा हात नव्हता. ते छत्रीभोवती फिरले आणि म्हणाले, "फुकटराव, कमाल आहे! खर्च किती आला?"

"शून्य!"

"शून्य नाही हो डॉक्टर," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "एक छत्री आली."

सगळे खो खो हसले. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी फार विनोदी आहेत." चहाही त्यांनी मागून दोनदा घेतला.

या सगळ्या कारखान्यात काकूंची स्वतःची एक नेमणूक होती. नवीन काही तयार झालं, की ते चालतं का हे बघायला कुणीतरी उजेडात बसावं लागे. फुकटराव हाक मारत, "अगं, जरा ये. उजेड बघायचाय." काकू मशिन थांबवून स्टुलावर बसत. हातात लेकीची शाळेतली पाटी देत. तिच्यावर खडूने आकडे लिहिलेले असत, दिवा किती दूर आणि कॅमेऱ्याचं भोक किती उघडं ते. फोटो धुतल्यावर कुठला कशाने आला ते कळायला हवं ना.

"पाटी वर घे. अजून वर. आकडे वाचता आले पाहिजेत."

"तोंड झाकतंय की."

"तोंड नकोय मला. आकडे हवेत."

उजेड मनासारखा पडला, की ते म्हणत, "हां, जमलं. ऊठ आता." मग त्या स्टुलावर अध्यक्षांची मुलगी बसे, कुठला म्हातारा शेजारी बसे, फुलदाणी बसे. एकदा दुधीभोपळा बसला होता. काकू उठून मशिनवर जात आणि राहिलेली टीप पूर्ण करत.

लेक बाळंतपणानंतर महिनाभर राहायला आली. थोरली नात चार-पाच वर्षांची होती, सतत प्रश्न विचारणारी. आई बाळाला पाजत होती, तेव्हा तिने आजोबांचे आल्बम काढून जमिनीवर पसरले. पानं उलटता उलटता तिने एका फोटोवर बोट ठेवलं.

"आजी, ही पाटी कोण आहे?"

"पाटी म्हणजे पाटीच, बाळा."

"नाही, तिला हात आहेत."

काकू वाकून बघायला लागल्या. पाटी स्वच्छ होती, एकेक आकडा छापल्यासारखा. पाटीच्या वर एक धुरकट कपाळ होतं आणि दोन भुवया. नातीने पुढचं पान उलटलं. तिथे पाटीच होती. त्याच्या पुढेही पाटी.

"आणि आजीचं तोंड कुठंय?"

"आहे ना इथे," लेक पलंगावरून म्हणाली. "जिवंत आजी समोर बसलीय तुझ्या." पण मग तिने हात पुढे करून आल्बम घेतला आणि पहिल्यापासून बघितला. शेवटी तो मिटून ठेवताना ती एवढंच म्हणाली, "आई, तुझा एक तरी असेल की धड."

"असेल कुठेतरी."

नव्हता. काकूंना ते ठाऊक होतं. त्यांची स्वतःची आई गेली तेव्हा त्या या नातीपेक्षा थोड्या मोठ्या होत्या. आईचा फोटो नव्हता. आवाज आठवे, कपाळावर ठेवलेला ओला हात आठवे, पण चेहरा नाही. पुष्कळ वर्षं त्या तो आठवायचा प्रयत्न करत राहिल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आईच्या जागी आपण मावशीचा चेहरा बसवलाय. मावशी बिचारी चांगली होती, पण आई नव्हती. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. सांगण्यासारखी वाटलीच नव्हती.

त्या दिवशी जेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझा एक फोटो काढा."

"परवाच नाही का काढले? सात-आठ असतील."

"पाटीशिवाय. तोंडाचा. पोरींसाठी हवाय."

फुकटरावांनी घास थांबवून बायकोकडे बघितलं. लेकही बघत होती. "काढू की. त्यात काय! उद्या दुपारी काढू. खिडकीतून उजेड बरा येतो."

आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी ते मन लावून कामाला लागले. काकूंनी मशिनवर कापड झाकलं, केस पुन्हा विंचरले, लेकीने दिलेले कानातले घातले. फुकटरावांनी मागे काळं अस्तर टांगलं, छत्री डावीकडे लावली, ताट उजवीकडे टेकवलं. फ्लॅशचा उजेड अजून कडक वाटला, म्हणून त्यांनी खिशातला रुमाल दिव्यावर चढवला. तो सरकायला लागला.

"एक रबर दे गं."

"इलॅस्टिक आहे माझ्याकडे, कापून देऊ?"

"राहू दे, इथे आहे." त्यांनी फळीवरच्या रोलच्या एका डबीचं रबर काढलं आणि रुमालावर दोन वेढे देऊन पक्कं केलं.

ही रबराची त्यांची स्वतःची पद्धत होती. दुकानातला वापरलेला रोल ओळखता येतो, कारण त्याचं टोक आत गेलेलं असतं. फुकटराव टोक बाहेरच ठेवत, म्हणजे अंधारात डबी न फोडता फिल्म ओढता येते आणि डबी पुन्हा वापरता येते. त्यामुळे भरलेला आणि वापरलेला रोल दिसायला सारखाच. वापरलेल्याला ते रबर लावत. बिनरबराचा तो कोरा.

त्यांनी कॅमेरा उघडला, फळीवरचा बिनरबराचा रोल घेतला आणि आत बसवला.

"हनुवटी जरा खाली. हां. खांदे सोड. काय गं, परीक्षेला बसल्यासारखी बसलीयस!"

"हातांचं काय करू?"

"म्हणजे?"

"पाटी नाहीये ना. हात कुठे ठेवू ते कळेना."

फुकटराव हसले. पुढे येऊन त्यांनी स्वतः काकूंचे हात मांडीवर ठेवले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी असं समोर बसून आपल्याकडे निरखून बघितल्याचं काकूंना आठवत नव्हतं. त्यांना लाजल्यासारखं झालं आणि त्याच वेळी बटण दाबलं गेलं. नात टाळ्या वाजवत ओरडली, "आजीचं तोंड आलं, आजीचं तोंड आलं!"

फिल्म धुवायचं काम न्हाणीघरात चाले. खिडकीला पुठ्ठा लावून, दाराच्या फटीत पोतं कोंबून. दोन दिवसांनी काकू काज करत बसल्या होत्या आणि आतून हाक आली नाही, ओरडणंच आलं.

"गेला! अरे, गेला माझा पूल!"

काकूंना वाटलं, काही सांडलं, पोळलं. त्या धावत गेल्या. फुकटराव ओली पट्टी दिव्याला धरून उभे होते.

नदीवरच्या जुन्या दगडी पुलाचे फोटो होते ते. हिवाळाभर पहाटे उठून, धुक्याची वाट बघत ते नदीवर गेले होते, नाडी बुटाखाली दाबून. मंडळाच्या स्पर्धेसाठी. पूल आता पाडायला काढला होता. अर्धे कठडे उतरवलेही होते. आणि त्याच फिल्मवर, पुलाच्या वर, काकू उमटल्या होत्या.

"कोणी हात लावला फळीला? किती वेळा सांगितलंय, आवराआवर करू नका म्हणून! याचं रबर कुठं गेलं?"

"फ्लॅशवर आहे," काकू म्हणाल्या.

"काय?"

"रुमालावर. तुम्हीच काढलंत. मी इलॅस्टिक देत होते."

फुकटराव खोलीत गेले. छत्रीत दिवा होता, दिव्यावर रुमाल, रुमालावर रबर. ते त्यांनी बोटाने चाचपून बघितलं. मग म्हणाले, "तुझ्या एका फोटोपायी पूल गेला."

लेक बाळाला घेऊन दारात उभी होती. "बाबा, आईचाही गेलाच ना?"

"तिचा काय, पुन्हा काढता येईल. पूल कुठून आणू? तो पडतोय." आणि बायकोकडे वळून, खरंच समजूत घालावी तशा आवाजात, "तू काय, घरातच आहेस. तू कुठे चाललीयस?"

"मी कुठे जाणार," काकू म्हणाल्या आणि काज करायला बसल्या.

रागारागाने का होईना, फुकटरावांनी पट्टीतला एक फोटो कागदावर छापून बघितला. पुलाचे दगडी खांब काळे आले होते आणि जिथे काळं होतं तिथेच काकू दिसत होत्या. एक डोळा एका खांबात, दुसरा डोळा दुसऱ्या खांबात, कमानीच्या दगडांत थोडं कपाळ. मधलं नाक, तोंड, हनुवटी, सगळं आकाशाच्या आणि पाण्याच्या उजेडात वाहून गेलं होतं. फुकटरावांनी तो टाकायला म्हणून बाजूला ठेवला. रविवारी तो अध्यक्षांच्या हाती लागला.

"अहो, हे काय केलंयत!" अध्यक्ष उभेच राहिले. "हे पाठवा. दुसरं काही पाठवू नका."

त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. प्रदर्शन वाचनालयाच्या सभागृहात होतं. काकू नवऱ्याबरोबर गेल्या, कारण छत्री, पाइप, ताट, चाळण हे सगळं लोकांना दाखवायला न्यायचं होतं आणि एकट्याला ते पेलत नव्हतं. बाहेरगावचे परीक्षक फोटोपुढे उभे राहून बोलत होते. "बघा, ही स्त्री पुलात विरघळलीय. की पूल तिच्यात उभा राहिलाय? तिला तोंड नाही. हे तोंड नसणं किती बोलकं आहे! यामागे फार विचार आहे."

कुणीतरी विचारलं, "हे कसं साधलंत?"

फुकटरावांनी घसा साफ केला. "एकाच फिल्मवर दोनदा घ्यायचं. आधी पूल, मग चेहरा. खांब कुठे येणार ते डोक्यात ठेवून."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम. आणि खर्च शून्य."

टाळ्या पडल्या. गर्दी पांगली, तेव्हा काकू पुढे होऊन फोटोजवळ गेल्या. काचेत त्यांना स्वतःचं तोंड दिसत होतं, फोटोत जिथे नव्हतं नेमकं तिथे. त्या थोड्या डावीकडे सरकल्या, मग उजवीकडे, तोंड बरोबर खांबांच्या मध्ये बसवायला.

"बाई, जरा बाजूला व्हा ना," मागून एक तरुण म्हणाला. "फोटो दिसत नाहीये."

काकू बाजूला झाल्या.

घरी जाताना त्या म्हणाल्या, "आता माझा काढा की एक."

"काढू. उजेड चांगला पडू दे."

पण पुढे उजेड पडला तो दुसऱ्याच कामाला. मंडळात सगळ्यांना तसलेच फोटो हवे होते. फुकटराव आता मुद्दाम दोनदा घेऊ लागले. झाड आणि काकू, पडकी भिंत आणि काकू, रेल्वेचे रूळ आणि काकू. पाटी पुन्हा हातात आली, कारण आता आकडेही दुप्पट झाले होते. एकदा काकूंनी विचारलं, "अध्यक्षांच्या मुलीला का नाही बसवत? ती देखणी आहे."

"तिचा चेहरा मध्ये येतो," फुकटराव कॅमेऱ्यातून मान न काढता म्हणाले. "तुझा कसा, सपाट आहे. त्यावर काहीही उठून दिसतं."

काकूंनी पाटी मांडीवर ठेवली.

"काय झालं? वर घे ना."

"दूध ठेवलंय," त्या म्हणाल्या आणि उठल्या. दूध ठेवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फुकटराव कचेरीत गेल्यावर काकूंनी छत्री पाइपावरून सोडवली. अस्तर उसवलं, एकेक पाकळी घडी करून ठेवली. कापलेल्या दांड्याला झाडूचा दांडा जोडला. छत्री जराशी वाकडी उभी राहिली, पण राहिली. बाहेर पाऊस नव्हता. त्या ती उघडून उन्हातून चालत निघाल्या. नेहमी दोरा-बटणं घ्यायच्या त्या दुकानाशेजारी एक फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्राचे फोटो काढणारा. फुकटराव त्याला 'कसाई' म्हणत. समोरून धाडकन उजेड टाकतो आणि माणूस मारतो, म्हणून.

स्टुडिओवाल्याने त्यांना स्टुलावर बसवलं. "ओळखपत्र की अर्ज?"

"साधाच. तोंडाचा."

"बघा इकडे. काकू, हात खाली घ्या."

काकूंनी बघितलं. दोन्ही हात छातीपाशी, बोटं वाकवून, काहीतरी धरल्यासारखे वर आले होते.

"सवय," त्या म्हणाल्या आणि हात खाली घेतले.

पैसे त्यांनी शिलाईतले दिले. फोटोची पाकिटं त्यांनी घरी नेली नाहीत. लेकीच्या घरी जाऊन तिच्या हातात दिली. लेकीने फोटो बघितला. चेहरा स्पष्ट होता, थोडा दमलेला, दोन्ही डोळे उघडे, एक कानातलं किंचित फिरलेलं.

"बाबांनी काढला?"

"नाही."

लेकीने फोटो मुलीपुढे धरला. थोरल्या नातीने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "आता कळलं कोण आहे ते."

छत्री कुठे गेली हे फुकटरावांनी त्या संध्याकाळी विचारलं. "पावसाला लागते," काकू म्हणाल्या. ते महिनाभर धुसफुसले, मग थर्माकोलची पेटी कापून त्यांनी नवा लाइट केला. तो जास्त चांगला निघाला, असं ते अजून सांगतात. उजेड बघायला आता ते स्टुलावर दुधीभोपळा ठेवत. एकदा त्यांनी भोपळ्याला पाटी टेकवून ठेवलेली काकूंनी बघितली. मशिन चालू होतं.

बक्षिसाचा फोटो वाचनालयाच्या जिन्यात अजून आहे, खाली फुकटरावांचं नाव आहे. साधा फोटो लेकीकडे आहे, जेवणाच्या टेबलासमोर. काकू गेल्यानंतर फुकटराव पहिल्यांदा लेकीकडे जेवायला आले, तेव्हा तो मोठा करून लावलेला होता. ते पानावर न बसता त्याच्यापुढे उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हा कुणी काढला?"

"दोऱ्याच्या दुकानाशेजारच्याने."

"तरीच. उजेड अगदी सपाट टाकलाय," ते म्हणाले. मग हात पुढे करून म्हणाले, "मला दे. मी घरी नेऊन जरा सुधारून..."

"नाही," लेक म्हणाली. "जेवायला बसा, बाबा."

ते बसले. खुर्ची फोटोसमोरचीच होती. त्यांनी ती फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून जेवले.

शिवणकाकू वारल्या, ते धाकट्या नातीचं शाळेत नाव घातलं त्या वर्षी. उन्हाळ्यात, मंगळवारी दुपारी, तिचाच गणवेश शिवताना.